मक्याला ॲट्राझिन (तणनाशक) मारलंय, मागं हरभरा टाकू का?

प्रश्न (निपाणी): जूनमध्ये मक्याला ॲट्राझिन मारलं होतं. जमीन काळी, पीएच ८.२ (म्हणजे अल्कधर्मी). ऑगस्टपासून पावसानं ओढ दिलीय. मका निघाला की हरभरा टाकायचाय. चालेल काय?

उत्तर (खानापूर): आमच्याकडं तांबडी माती, पाऊस धो-धो. मक्यामागनं घेतलेल्या पिकाला कधी त्रास नाही. टाका की.

उत्तर (चिक्कोडी): दादा, खानापूरचा हिशेब निपाणीला लावू नका. आम्लधर्मी, ओल्या मातीत ॲट्राझिन लवकर तुटून संपतं. पीएच साडेसातच्या वर गेला की हे तुटणं मंदावतं, आणि ओलच नसली तर जिवाणूही काम करत नाहीत. तुमच्याकडं दोन्ही उलटं आहे. बांधाकडेला पंप वळतो तिथं डोस दुप्पट पडतो, नुकसान आधी तिथंच दिसतं.

बियाणं विकत घ्यायच्या आधी त्या बांधाकडेची आणि न फवारलेल्या जागेची वरची चार बोटं माती वेगळ्या कुंड्यांत भरा, हरभरा लावा, उन्हात ठेवा. उगवण बघून फसू नका! हे औषध उगवण थांबवत नाही, पानांचं अन्न बनवणं थांबवतं. तीनेक आठवडे बघा. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपल्या तर हरभरा नकोच. शाळू करा, ज्वारीला ॲट्राझिन सोसतं.

प्रश्नकर्ता: शाळूचं बी घरचंच आहे. पाणी देऊन खोल नांगरलं तर?

उत्तर (चिक्कोडी): पाणी द्याच. ओल टिकली की तुटणं वाढतं. नांगरटीनं मात्र औषध पसरून पातळ होतं, नाहीसं होत नाही. कुंडीसाठी माती नांगरटीनंतर परत घ्या.