शब्दचर्चा: धाब्यावर बसवणे की हरताळ फासणे?

आमचा डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एकाने गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं असा खेळ) ग्रुप आहे, दर रविवारी बसतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट रचणारा. यावेळी तीन आठवडे खपून गोष्ट रचली, दुष्काळ पडलाय, पाटलाने कोठारात ज्वारी दडवलीय आणि चोऱ्या करणारे गोब्लिन (छोटे राक्षस) खरं तर उपाशी आहेत. खेळणाऱ्यांना जरा कणव यावी एवढीच अपेक्षा. तर यांनी कोठार फोडलं आणि ती ज्वारी गोब्लिनांनाच दुप्पट भावाने विकली, वर आमचा पॅलॅडिन, देवाची शपथ घेतलेला माणूस, मापात पाप करायला लागला! मी ग्रुपवर चिडून लिहिलं, ‘गोष्ट धाब्यावर बसवलीत’. एक जण म्हणे चूक, ‘हरताळ फासला’ पाहिजे. काय बरोबर?

» दोन्ही चालतील पण छटा वेगळी. हरताळ म्हणजे पिवळं खनिज, पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला त्याचा लेप द्यायचे. म्हणून तत्त्वाला, शपथेला हरताळ फासतात, म्हणजे तो तुमच्या पॅलॅडिनने फासला. (बंदवाला हरताळ वेगळा, तो दुकानांना कुलूप लावायचा.) नियम, कायदा, सल्ला हे धाब्यावर बसवतात. धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, हायवेवरचा ढाबा नव्हे.

» मला दोन्ही पटत नाहीत. धाब्यावर बसवायला आधी ती गोष्ट माहीत तरी पाहिजे ना? तात्पर्य तुमच्या वहीत होतं, त्यांना दिसलं ते कोठार. याला ‘फाटे फोडणे’ म्हणा. बुवा निरूपणात रंगलेत आणि मंडळींचं लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे, त्यातला प्रकार आहे हा 😄

» खेळाडूंना का बोलताय, खेळाचा पायाच तसा आहे. 1974 साली डी अँड डी आला तेव्हापासून जुन्या नियमांत लुटून आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, ते साठले की पात्राची लेव्हल वाढते) मिळायचा, राक्षस मारून त्यामानाने कमीच. दयेला शून्य. मग लोक कोठारच फोडणार. आता बरेच डीएम गोष्टीच्या टप्प्यावर लेव्हल देतात, तो भाग वेगळा.

» मग असं खेळणाऱ्या ‘मर्डरहोबो’ला मराठीत काय म्हणाल? दिसेल त्याला कापायचं, लुटायचं, पुढच्या गावी जायचं.

» पेंढारी! सरळ. त्यांनाही ठरलेला पगार नसायचा, लूट हीच कमाई, वरच्या एक्सपीच्या हिशोबात फिट्ट बसतात. पण या केसमध्ये पेंढारी नाही म्हणणार, यांनी तर दुकान टाकलं. हे साठेबाज.

» आणि रेलरोडिंगला, म्हणजे डीएमने खेळाडूंना आपल्याच गोष्टीच्या वाटेने ओढत नेण्याला, ‘वेसण घालणे’ घ्या. ‘सूत्रधार’ नको डीएमला, सूत्रं कोणाच्या हातात आहेत ते वर दिसलंच.

» मूळ प्रश्नकर्ता परत: फाटे फोडणे मान्य, पॅलॅडिनपुरता हरताळ ठेवतो. वेसण घालून बघितली होती हो मी, गोब्लिनाचं पोर रडत आणलं समोर, भूक लागलीय म्हणून. यांनी त्याला तराजू धरायला कामावर ठेवलं, रोजची एक भाकरी, आणि नाव ठेवलं बंड्या. आता बंड्याला काही झालं तर डीएमची खैर नाही म्हणतात. रविवारी परत बसतोय, आत्ताच एकाचा मेसेज आलाय, पाटलाकडे तूरडाळ पण असेल का.