उडते समुद्रपक्षी टिपताना: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, उडत्या समुद्रपक्ष्यांचे फोटो काढत असाल तर तुमचे अनुभव जरूर लिहा. फोटो दाखवल्यावर 'सुंदर', 'अप्रतिम' ऐकून बरं वाटतंच, पण मला हव्या आहेत त्या नेमक्या सूचना, ज्यांनी तुमचा पुढचा फोटो बदलला. सुरुवात मीच करते.

मी बहुतेक वेळ कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, मागे असते. एका फोटोत डोळा शार्प होता, उजेडही छान पडला होता. एका जाणकारांनी विचारलं, "याच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स दाखवता का?" दाखवल्या, आणि त्यांनी भलतीच फ्रेम उचलली. कुरव माझ्या नजरेच्या पातळीवर उडत होता. मी निवडलेल्या फ्रेममध्ये पंख अगदी आडवे, म्हणून त्यांची नुसती रेघ दिसत होती. त्यांनी निवडलेल्या फ्रेममध्ये पंख वर उचललेले, आतली पिसं उलगडलेली, टोकं किंचित मागे वाकलेली. पक्षी हवेला रेटतोय हे त्या फोटोत दिसत होतं. आता फ्रेम निवडताना मी डोळ्याइतकंच पंखांकडे बघते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. समुद्रपक्षी हवेत झेपावताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा आणि सूर्य दोन्ही माझ्या पाठीशी असले की ते समोरून येतात, अंगावर उजेड घेऊन येतात, आणि वाऱ्याविरुद्ध असल्यामुळे त्यांचा वेगही कमी पडतो. वारा समोरून असेल तर शेपट्याच मिळतात. मग जागा बदलायची, कॅमेऱ्याशी झगडत बसायचं नाही.

*

माझा पक्षी गॅनेट, मासे पकडायला उंचावरून पाण्यात सूर मारणारा मोठा पांढरा समुद्रपक्षी. मला मिळालेली सूचना एका ओळीची होती: "डोक्यावरची पिवळसर झाक कुठे गेली?" गडद समुद्र मागे असला की कॅमेरा फ्रेम उजळ करतो आणि पांढरी पिसं जळून जातात, म्हणजे तपशील पुसून नुसतं पांढरं उरतं. पक्षी आकाशासमोर गेला की उलटं होतं, तो काळवंडतो. पण पक्ष्यावर पडणारा उजेड मात्र तोच असतो! म्हणून पांढऱ्या पिसांवरून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवायचं, मॅन्युअलवर टाकायचं आणि ढग येईपर्यंत हात लावायचा नाही. शटर १/२५०० सेकंदाच्या आसपास.

सूर मारणारा गॅनेट पाण्याजवळ पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात गेलेला असू शकतो. त्या वेळी शोधायला गेलात तर सापडत नाही. घिरट्या घालताना तो मान खाली वळवून पाण्यात बघतो, तिथपासून त्याला फ्रेममध्ये धरून ठेवा. पाण्याला भिडण्याच्या अगदी आधी तो पंख मागे ओढून घेतो, आणि सगळ्यात देखणा क्षण तोच.

*

वाऱ्याबद्दल वर लिहिलंय त्याला जोड देतो. बोटीवरून अल्बाट्रॉस टिपताना तर वारा समजणं हेच अर्धं काम. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत जातो, तरी तो पंख फारसे हलवत नाही. लाटांजवळ वारा मंद असतो, वर जोरात. तो वाऱ्याकडे तोंड करून चढतो, वर वळतो, वाऱ्याबरोबर घसरत खाली येतो, पुन्हा चढतो. वर वळताना तो एका अंगावर कलतो, दोन्ही पंख पूर्ण दिसतात. ती लय दोन-तीन फेऱ्या नुसती बघा, मग शटर दाबा.

मी फोटोच्या कडा कापून खूप जवळचा क्रॉप दाखवला होता. एका ताईंनी लिहिलं, "पक्षी भव्य आहे, पण तो कशावर उडतोय ते दिसू दे." पूर्ण फ्रेम दाखवली तर खाली लाटेचा उतार होता आणि पंखाचं टोक पाण्याला जवळजवळ टेकलेलं. तोच फोटो आता माझ्या भिंतीवर आहे.

बोटीवर ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. खालचा डेक मिळाला तर पक्षी नजरेच्या पातळीवर येतो. लेन्सवर खारं पाणी उडालं तर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. मिठाचे कण घासले की काचेवर ओरखडे पडतात.

*

मी फोटो काढण्यापेक्षा इतरांचे बघतो जास्त. चोच वासून थेट कॅमेऱ्यावर झेपावणारा सुरय (टर्न) पाहिला की मी पहिल्यांदा अंतर विचारतो. विणीच्या काळात सुरय असे येतात ते घरटं वाचवायला. तोवर अंडी उघडी पडलेली असतात, उन्हात तापतात, किंवा कुरव ती पळवतात. फोकस कितीही अचूक असो, अशा फोटोला मी दाद देत नाही आणि कारण स्पष्ट लिहितो.

*

सगळे वेगवान शटरबद्दल बोलताहेत म्हणून हे. संध्याकाळी उजेड कमी झाला की मी १/३० सेकंदावर येते आणि पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवते. पंख धूसर, समुद्राचे पट्टे, डोकं तेवढं बऱ्यापैकी स्थिर. बहुतेक फ्रेम्स पुसाव्या लागतात. यावर मतं नेहमी विभागलेली येतात: कुणाला यात उडणं दिसतं, कुणाला हललेला फोटो. पफिनसारख्या भराभर पंख मारणाऱ्या पक्ष्याचे असे फोटो कुणी काढले असतील तर शटर किती ठेवलंत ते सांगा.