सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं, उड्डाणाचे 200 तास झाले, आता पोरग्याला 1500 करायला पाठवू काय?

डिचोलीकर: भावाचा मुलगा बारामतीला ट्रेनिंग करून सीपीएल घेऊन आलाय, आता घरीच बसून. मोपाचा विमानतळ झाल्यापासून इथे सगळेच विमानतज्ज्ञ झालेत, एकजण म्हणतो अमेरिकेत 1500 तास लागतात, 200 वर कोण उभं करणार, अजून तास मारू दे. वहिनीचं सोनं आधीच बँकेत आहे हो. जाणकारांनी सांगा.

उजवी_सीट: बाब, नुसते तास मारायला अजिबात पाठवू नका. डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान खात्याचं, सीपीएल 200 तासांवरच मिळतं, त्यात 100 तास पीआयसी, म्हणजे स्वतः कमांड घेऊन उडवलेले, पाहिजेत, आणि तेवढ्यावर को-पायलट म्हणून बसायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे 1500 लागतात ते एटीपीएल या वरच्या लायसन्सला, म्हणजे पुढे कॅप्टन व्हायचं तेव्हा. खरं घोडं अडतं टाइप रेटिंगवर, म्हणजे त्या-त्या विमानाच्या वेगळ्या परवान्यावर, छोटं सेसना उडवलेला पोरगा सरळ एअरबस 320 वर बसत नाही, त्याचं सिम्युलेटर ट्रेनिंग वेगळं आणि त्याचे लाखो रुपये वेगळे. मल्टी-इंजिन (एकापेक्षा जास्त इंजिनांचं), इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवर उडवायचं, म्हणजे आयआर) रेटिंग आहे ना त्याच्याकडे?

म्हापशेकर: म्हणजे 200 तासवाल्याच्या हातात दीडशे-पावणेदोनशे माणसं? अमेरिकावाले काय खुळे आहेत? पावसाळ्यात दाबोळीला उतरताना मी तर देवाचं नाव घेत बसतो.

उजवी_सीट: 2013 पर्यंत तिकडे पण 250 वर चालायचं रे. 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन कंपनीचं विमान पडलं, 50 माणसं गेली, त्यावरून 1500 चा कायदा आला. आता त्या दोन्ही पायलटांचे तास बघ, कॅप्टनचे 3000 च्या वर, को-पायलटचे 2000 च्या वर! स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, वॉर्निंग आल्यावर नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढला, यात तास कमी कुठे होते? आणि 1500 भरायला तिकडची बरीच पोरं छोट्या विमानावर दुसऱ्यांना शिकवत बसतात, जेटचं त्यात काय कळणार. मिलिटरीवाल्यांना तर 750 वरच सूट.

म्हापशेकर: शिकवण्यात पण डोकं तयार होतं, तास काय फुकट नाही जात. मला नाही पटलं.

डिचोलीकर: मल्टी, आयआर दोन्ही आहे, आरटीआर (रेडिओवर बोलायचं लायसन्स) पण झालंय. मग रेटिंग आत्ताच करून टाकू, एअरबस 320 का बोइंग 737?

उजवी_सीट: थांबा हो, घाई नको. काही कंपन्या आधी परीक्षा-इंटरव्ह्यू घेतात आणि रेटिंग मागाहून करून घेतात, पैसे आपलेच म्हणा. आपल्याकडे 320 जास्त आहेत पण आधी जाहिराती बघा, आणि तोवर मेडिकल लॅप्स होऊ देऊ नका.