मदत हवी आहे: जर्नलला पेपर पाठवण्याआधी

नमस्कार मंडळी. वाशी-घणसोली पट्ट्यातल्या रिक्षाचालकांच्या कंबरदुखीवर आमचा क्रॉस-सेक्शनल (एकाच वेळची स्थिती टिपणारा) अभ्यास आहे. लिखाण झालंय, संदर्भ व्हँकूव्हर पद्धतीने (क्रमांक देऊन) लावलेत, एथिक्स कमिटीचं पत्रही हाताशी आहे. घोडं अडलंय लेखकांच्या यादीवर. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) लेखक ठरवायच्या चारही अटी पूर्ण करेल तोच लेखक. नुसती परवानगी देणारे वरिष्ठ फार तर आभारात. हे साहेबांना न दुखावता सांगायचं कसं? (नाव घालून मोकळे व्हा, हा सल्ला कृपया नको!)

दुसरं, स्ट्रोबच्या (अशा अभ्यासाच्या पेपरात काय काय हवं, याची यादी) २२ मुद्द्यांच्या तक्त्यात पान क्रमांक लिहायचा की विभागाचं नाव? दुरुस्त्या करताना पानं सारखी सरकतात.

आणि ठाणे-नेरूळकडचं कुणी आमची आकडेवारी एकदा नजरेखालून घालेल का? रविवारी मी तिकडे येईन, चहा-वडापाव माझ्याकडून.