मदत हवी आहे: गायरान-माळरान वाचवणारा गट चालवायचाय. आधी संस्थेची नोंदणी की आधी जमिनीचे कागद?

कुसळी
नमस्कार मंडळी. आधी परिस्थिती सांगतो, मग प्रश्न.

जागा पुणे-सोलापूर पट्ट्यातलं माळरान, सलग साधारण दीडशे हेक्टर. बहुतेक गायरान, कडेला वनखात्याचे दोन तुकडे, मधून ओढा. गवत पवन्या, मारवेल आणि कुसळी. लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक पक्षी नियमित दिसतात. पावसाळा संपला की धनगरांची मेंढरं इथेच असतात.

धोके तीन. पूर्वेकडून मुरूम उपसा चालू आहे. सौर प्रकल्पासाठी 'साहेब जागा बघून गेले' अशी कुजबुज आहे. आणि एका कंपनीला सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीचा निधी) इथेच दहा हजार झाडं लावायची आहेत.

गट अकरा जणांचा, त्यात दोन मेंढपाळ, नोंदणी नाही. व्हॉट्सअॅपवर दोनशे जण आहेत, राबणारे चार. सगळे फोन, अर्ज आणि हिशेब एकाच माणसाकडे येतात.

प्रश्न:
१. ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ ची (ना-नफा) कंपनी?
२. नोंदणी होईपर्यंत थांबावं का?
३. हरित लवादात (एनजीटी) जावं असं सगळेच सुचवतात. खरंच जावं का?
४. काम वाटायचं कसं?

सातबारा
नोंदणीला दोन-चार महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही. जमिनीचा कागद हातात नसेल तर मात्र पहिल्याच बैठकीत 'ही जागा तर पडीक आहे' असं ऐकून परत यावं लागतं. म्हणून कागदापासून सुरुवात करा.

प्रत्येक गट नंबरचा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' आणि शेऱ्याचा रकाना नीट वाचा. मग तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना १-अ, १-ब आणि १-ई च्या नकला मागा. १-अ वनजमिनींची नोंदवही, १-ब बिनभोगवट्याच्या म्हणजे सरकारी जमिनींची, १-ई अतिक्रमणांची. १-ई बहुतेक जण मागतच नाहीत. मुरूम काढणाऱ्याचं किंवा पत्राशेडवाल्याचं नाव तिथे चढलंय की नाही, यावरून तहसील कार्यालयाला काय माहीत आहे ते कळतं.

त्यानंतर जुने फेरफार (नमुना ६). जमीन गायरान म्हणून राखून ठेवल्याचा मूळ आदेश कुठल्या तरी फेरफारात सापडतो. तो मिळाला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २२-अ उपयोगी पडतं. गायरान दुसऱ्या वापराला वळवता येत नाही. सरकारी सार्वजनिक कामासाठी अपवाद आहे, पण दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच. म्हणून सौर प्रकल्पाबाबत 'आमचा विरोध आहे' असं लिहू नका. 'दुसरी सरकारी जमीन नाही हे कोणी, कधी आणि कोणत्या पाहणीवरून ठरवलं, त्या टिपणीची प्रत द्या' असं लिहा. विरोधाचं पत्र फाइलला लावून मोकळं होता येतं, प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

वनखात्याच्या तुकड्यांचं वेगळं बघा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४ ची (राखीव करण्याचा इरादा) अधिसूचना आहे, कलम २० ची (राखीव) की कलम २९ ची (संरक्षित)? पुष्कळ ठिकाणी कलम ४ नंतर गाडी पुढे सरकलेलीच नसते आणि सातबाऱ्यावर 'वन' हा शब्दही आलेला नसतो. अधिसूचनेतली हद्द आणि सातबारा जुळत नसेल, तर उपवनसंरक्षक आणि तहसीलदार दोघांना एकच पत्र द्या. वेगवेगळी दोन दिलीत तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

नकाशासाठी गट नंबरांच्या हद्दी महाभूनकाशावरून घ्या, क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं मोफत सॉफ्टवेअर) चढवा आणि गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं लावून बघा. खड्डा कोणत्या वर्षी नव्हता आणि कोणत्या वर्षी दिसायला लागला हे त्यात कळतं. मात्र ही हद्द अंदाजाची. वाद बांधावरचा असेल तर भूमी अभिलेखची सरकारी मोजणीच ग्राह्य धरतात. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज येते, आणि समोरचा वकील त्या काही मीटरवरच बोलतो.

चौकट
प्रश्न १ पुरतं लिहितो.

तुमच्यासाठी सोसायटी बरी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात, तुम्ही अकरा आहात. महाराष्ट्रात सोसायटी म्हटली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची नोंदणीही आलीच. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. विश्वस्तांचा नुसता ट्रस्ट लवकर उभा राहतो, पण त्यात निवडणूक नसल्यामुळे पाच वर्षांनी तेच तीन जण आणि बाकीचे प्रेक्षक असं होतं. कलम ८ ची कंपनी दरवर्षीच्या विवरणपत्रांमुळे लहान गटाला जड जाते.

उद्देशाच्या कलमात 'सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक' अशी खिचडी करू नका. 'पाणलोट, वने व वन्यजीव यांसह पर्यावरणाचे संरक्षण' हा उद्देश स्पष्ट लिहा. आयकर कायद्यात धर्मादाय उद्देशांत तो स्वतंत्रपणे दिलेला आहे. 'सर्वसाधारण लोकोपयोगी' या गटात जाऊन पडलात तर व्यावसायिक स्वरूपाच्या उत्पन्नावर २० टक्क्यांची मर्यादा येते, आणि निसर्गसहलीचं शुल्क घेतानाही विचार करावा लागतो.

संस्था हमखास अडकते ती बदल अर्जात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. तो राहिला तर पीटीआरवर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) जुनीच नावं राहतात, बँक सह्या बदलत नाही आणि कोर्टात 'तुम्हाला संस्थेच्या वतीने बोलायचा अधिकार काय' हा पहिला आक्षेप येतो. भांडण झालेल्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळतात, तेव्हा सगळं गोडीत आहे तोवर कागद सरळ करून घ्या.

पैशाबद्दल: ८०जी (देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता) मिळाल्यावरही २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत नाही. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर सीएसआर-१ ची नोंदणी लागते. परदेशातला पैसा एफसीआरए नोंदणीशिवाय एक रुपयासुद्धा नको. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाची देणगी 'परदेशी' नाही, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याची आहे, ओसीआय कार्ड असलं तरी. गावातलाच मुलगा, आईच्या नावाने पाच हजार पाठवतोय, म्हणून कोणी विचारत नाही आणि संस्था गोत्यात येते.

रानवाट
प्रश्न २: थांबू नका. माहिती अधिकार, ग्रामसभा, तहसीलदारांकडे तक्रार यांतल्या कशालाच संस्था लागत नाही, नागरिक म्हणून एकटा माणूस हे करू शकतो. उलट अकरा जणांनी आपापल्या नावाने तीन-तीन अर्ज घेतले, तर दबाव एकावर येत नाही.

मुरुमाचं आधी घ्या, कारण तो रोज जातोय. 'बेसुमार उपसा' असं लिहिलेली तक्रार तशीच पडून राहते. टेप लावा. खड्डा ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असेल तर ९०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे ३१८ ब्रास. तहसीलला ब्रासचीच भाषा कळते. खोली कडेला नको, पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या. गट नंबर, आकडा, तारीख-वेळ असलेले फोटो, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली पंचनामा करून दंड आकारण्याची मागणी. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. रात्री डंपर अडवायला कोणी जायचं नाही. हा नियम गटाच्या पहिल्या ठरावात लिहून ठेवा, कारण उत्साही पोरं जातातच.

आणि व्हॉट्सअॅपवर 'मुरूम चोर अमुक तमुक' असले मेसेज बंद. गट नंबर, तारीख, ब्रास एवढंच लिहा. बदनामीची तक्रार (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) झाली की मुरूम बाजूला राहतो आणि तुमच्या तारखा सुरू होतात.

गवतफुला
दहा हजार झाडांबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मला तर तोच मोठा धोका वाटतो. मुरुमाचा खड्डा निदान सगळ्यांना वाईट दिसतो, झाडांना सगळे टाळ्या वाजवतात.

माळावर माती वीतभर. समतल चर खणले की पवन्या-मारवेलचे ठोंब उपटले जातात, उकरलेल्या मातीवर आधी तण येतं, मग घाणेरी. जगलंच काही तर ग्लिरिसिडिया, त्याच्या सावलीत गवत विरळ होतं. धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, सावलीची त्यांना गरज नाही. मेंढपाळाची चराई तर रोपांच्या कुंपणामुळे पहिल्याच वर्षी बंद.

कंपनीला नुसतं 'नको' म्हटलंत तर ती ग्रामपंचायतीकडे जाईल. तिच्या पैशाला दुसरं काम द्या: ओढ्याकाठी, जिथे आधीच बाभूळ-बोर आहे तिथे थोडी देशी रोपं, घाणेरी मुळासकट काढणं, वणव्याआधी जाळरेषा, मेंढरांसाठी पाणवठा. अहवालात टाकायला फोटोही मिळतात.

पुराव्यासाठी वर्षातून दोनदा, ऑक्टोबरअखेर आणि मेमध्ये, ठरलेल्या दहा ठिकाणांवरून ठरलेल्या दिशेला फोटो. प्रत्येक ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून गवताच्या जाती आणि उघड्या मातीचं प्रमाण लिहा. ही नोंद गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. जैवविविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत ही नोंदवही ठेवणारी समिती असायला हवी. तुमच्याकडे ती कागदावर असेल, आणि तिचे सदस्य कोण हे सदस्यांनाच माहीत नसेल. ते सदस्य शोधण्यापासून सुरुवात करा.

तारीखवार
प्रश्न ३. 'एनजीटीत जा' हा सल्ला फार स्वस्त झालाय. लवादाचं अधिकारक्षेत्र ठरावीक कायद्यांपुरतं आहे: वन संवर्धन कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा, पाणी, हवा, जैवविविधता वगैरे. जमीन महसूल संहिता त्यात नाही, वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदाही नाहीत. नुसतं 'गायरानावर अतिक्रमण' घेऊन गेलात तर बाहेर.

मुरूम उपसा पर्यावरण मंजुरीशिवाय असेल तर तो विषय तिथे बसतो. मुदत कलम १४ खाली कारण घडल्यापासून सहा महिने, त्यावर कारण दाखवून ६० दिवस. मंजुरीच्या आदेशाविरुद्ध अपील कलम १६ खाली ३० दिवसांत, त्यावर पुन्हा ६० दिवसांपर्यंत सूट. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे आणि भरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क १००० रुपये. खर्च वकिलाचा असतो, शुल्काचा नाही.

सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. म्हणजे जनसुनावणी होणार नाही, वर्तमानपत्रात जाहिरात येणार नाही. जमीन देण्याचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघेल आणि तुम्हाला कुंपण दिसल्यावर कळेल. त्यामुळे दर महिन्याला त्या फाइलची चौकशी करणारा, नेमून दिलेला माणूस हवाच. जोडरस्ता किंवा वीजवाहिनी वनखात्याच्या तुकड्यातून जात असेल तर वन मंजुरी लागते, ती 'परिवेश' पोर्टलवर दिसते.

गायरानासाठी रस्ता तहसीलदार, जिल्हाधिकारी, मग उच्च न्यायालय. आधारासाठी सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २८ जानेवारी २०११ चा निकाल जोडा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करा, असं त्यात सगळ्या राज्यांना सांगितलंय.

रानवाट
@तारीखवार, निकाल बरोबर, पण सरसकट 'अतिक्रमण हटवा' लिहिण्याआधी एक बघा. गायरानावर कसणाऱ्या भूमिहीन आणि दलित कुटुंबांची १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० मधली अतिक्रमणं नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. सरसकट अर्ज केलात तर मुरूमवाला राहील बाजूला, पहिली नोटीस अशा कसणाऱ्या घरांना जाईल. मग ग्रामसभेत तुमच्या बाजूने हात वर होणार नाहीत, आणि ते योग्यच असेल. अर्जात गट नंबर आणि कृत्य नेमकं लिहा.

प्रश्न ४: कामं 'प्रसिद्धी, कायदा, निधी' अशी वाटू नका, तसं वाटलं की सगळं फिरून अध्यक्षाकडेच येतं. जागा वाटा. दीडशे हेक्टरचे पाच तुकडे, प्रत्येकी दोन माणसं, त्यातला एक रोज तिथे जाणारा. तुमचे दोन मेंढपाळ वेगवेगळ्या जोड्यांत ठेवा. त्या तुकड्याचे सातबारे, फोटो, अर्ज, वनरक्षकाचा नंबर त्याच जोडीकडे. अकरावा माणूस म्हणजे तुम्ही. तुमच्याकडे फक्त तारखांची वही: कोणत्या अर्जाची मुदत कधी संपते. बाकी काही ठेवलंत की परत चक्र सुरू.

खात्यावर तीनपैकी दोन सह्या. महिन्याला एकच बैठक, ठराव वहीत, आणि ठराविक तिथीला नको. मेंढरं कुठे आहेत ते बघून दिवस ठरवा.

कुसळी
@सातबारा, @रानवाट, @तारीखवार, @गवतफुला, @चौकट, खूप आभार. दोन शंका. ग्रामसभेत विषय कसा घुसवायचा? सरपंच झाडांच्या बाजूने आहेत. आणि माहिती अधिकाराचा एखादा नमुना मिळेल का? आमचा पाच पानी अर्ज परत आला.

सातबारा
पाच पानी परत येणारच. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय, आणि साधारण १५० शब्द. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नमुना:

'विषय: मौजे ___, गट क्र. ___ (गायरान). कालावधी: १ जानेवारी २०२३ ते अर्जाचा दिनांक. १) सदर गटाची जमीन कोणत्याही प्रकल्पास देण्याबाबत प्राप्त प्रस्ताव, त्यावरील टिपण्या व पत्रव्यवहार यांच्या प्रती. २) संहितेच्या कलम २२-अ नुसार पर्यायी जमिनीबाबत केलेल्या पाहणीचा अहवाल. ३) सदर गटाच्या गाव नमुना १-ई मधील नोंदींची प्रत. ४) सदर संचिकेची पाहणी करू द्यावी.'

'का' आणि 'कशामुळे' विचारू नका, कागद मागा. चौथा मुद्दा गाळू नका. फाइल बघायला मिळाली की कोणती पानं मागायला हवी होती ते तिथेच कळतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

ग्रामसभेचं: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभा ठरलेल्याच असतात. विषयाचं पत्र नोटीस निघायच्या आधी, म्हणजे सभेच्या किमान पंधरा दिवस अगोदर ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. ऐनवेळच्या विषयात टाकलंत तर सरपंच वेळ संपली म्हणतील. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं कमी ते. आदल्या दिवशी वाड्या-वस्त्यांवर फिरा, आणि ठराव तयार लिहूनच न्या, नाहीतर 'चर्चा झाली' एवढंच इतिवृत्तात येतं. सभा उठण्याआधी इतिवृत्ताच्या पानाचा फोटो काढून ठेवा, सह्यांसकट.