मदत हवी आहे: क्लाउडवरून उतरवलेल्या फोटोंचा टाइमझोन
सगळे फोटो मोठ्या कंपनीच्या क्लाउडवरून घरच्या डिस्कवर आणतोय. एक्सपोर्टच्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडल्या, कारण फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन (तारीख, ठिकाण वगैरे माहितीची वेगळी फाइल) दुसरीत असं होतं. लिनक्सवर एक्झिफटूल या प्रोग्रामने जेसनमधली तारीख एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती) लिहितोय. नावात कंसातला आकडा असला की जोडी चुकायची (फोटोत तो एक्स्टेन्शनच्या आधी, जेसनमध्ये नंतर). ते नावं बदलून सुटलं.

खरी अडचण वेळेची आहे. जेसनमध्ये वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सेकंदांत असते, एक्झिफच्या तारखेत स्थानिक वेळ लागते. जीपीएस असेल तर टाइमझोन अक्षांश-रेखांशावरून निघतो. पण मेसेजिंग ॲपमधून आलेल्या फोटोंत ना जीपीएस, ना मूळ एक्झिफ. मग परदेशातले रात्री उशिराचे फोटो भलत्याच दिवसात जाऊन बसतात.

मूळ फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर आहे, तेव्हा प्रयोगाला हरकत नाही. ऑनलाइन सेवा मात्र अजिबात नको, आणि फोटो साध्या वर्ष-महिना फोल्डरमध्येच हवेत. इमिच (घरच्या सर्व्हरवर चालणारं फोटो ॲप) वगैरे नंतर बघू.

आगेमागे काढलेल्या जीपीएसवाल्या फोटोंवरून मधल्यांचा टाइमझोन ठरवून, ऑफसेटच्या (यूटीसीपासूनच्या फरकाच्या) टॅगसकट तारीख लिहिणारी एक्झिफटूलची कमांड किंवा स्क्रिप्ट कोणाकडे आहे का?