घरच्या मिलिंग मशीनसाठी आवाज रोखणारी पेटी: विदर्भाच्या उन्हाळ्यात चालेल अशी कशी बांधावी?

सागवान_वरोरा

नमस्कार मंडळी. वरोरा तालुक्यातील आमच्या गावी, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी लहान सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणारे) मिलिंग मशीन बसवले आहे. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, 1.5 किलोवॉटचा आणि हवेने थंड होणारा आहे. सागवानाच्या नावपाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि अधूनमधून ॲल्युमिनियमचे लहान भाग अशी कामे त्यावर होतात. दिवस शेतात जात असल्यामुळे मशीन रात्रीच्या जेवणानंतरच चालते, आणि शेजारची मुलगी यंदा बारावीला आहे. त्यांनी अजून शब्दानेही तक्रार केलेली नाही, पण आवाज त्यांच्या छपरीपर्यंत स्पष्ट जातो हे मला ठाऊक आहे.

सुमारे 1.2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 0.9 मीटर उंच अशी 12 मिमी प्लायची पेटी करून आतून थर्माकोल लावावा, असा विचार आहे. घरचाच कापूस आहे तर दुहेरी भिंतीत तोच भरावा, असे मामा सुचवतात. बंद पेटीत मे महिन्यात स्पिंडलचे काय होईल, ही मुख्य शंका आहे.

जुना_फिटर_बुटीबोरी

भाऊ, प्लाय कापण्याआधी कोणता आवाज किती आहे ते वेगवेगळे ऐकून घ्यावे. आधी केवळ भुसा ओढणारा व्हॅक्यूम चालवा, मग स्पिंडल मोकळा फिरवा आणि शेवटी प्रत्यक्ष लाकूड कापा. पुष्कळदा व्हॅक्यूमच सर्वांत मोठा निघतो, आणि मग त्याला वेगळी पेटी द्यावी लागते. मिनिटाला 18,000 फेऱ्यांवर दोन धारांचे कटर सेकंदाला 600 वेळा लाकडावर आदळते. तोच तो कर्णकर्कश सूर. फेरे कमी करून त्याच प्रमाणात फीडही (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, तर काम सावकाश होते, पण कान सुटतात.

थर्माकोलचा येथे उपयोग नाही, कारण आवाज अडवण्यासाठी भिंतीला वजन लागते आणि थर्माकोलला ते नसतेच. 18 मिमी एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) वजन चौरस मीटरला सुमारे 13 किलो भरते. शक्य असल्यास त्याचे दोन थर द्यावेत. मात्र भिंतीपेक्षा फटी महत्त्वाच्या आहेत. आपल्या मापाच्या समोरच्या दाराभोवती केवळ 3 मिमी फट राहिली, तरी तिचे क्षेत्रफळ सुमारे 125 चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे 11 सेंटीमीटर बाजूचे चौकोनी भोक पाडल्यासारखेच. त्यामुळे दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी आणि ती दाबून धरणाऱ्या कड्या हव्यात. मशीन पेटीच्या तळाला बोल्टने आवळू नये. ते जाड रबरावर बसवावे आणि पेटीचा त्याला कुठेही स्पर्श होऊ देऊ नये, नाहीतर कंपने टेबलातून जमिनीत व टिनात उतरतात आणि सारे शेड घुमू लागते.

कपाशी_हिंगणघाट

मामांचा मान राखून सांगतो, कापूस अजिबात भरू नका. बोथट कटर एका जागी घासत राहिले की सागवान जळून काळे पडते, आणि अशी एखादी ठिणगी व्हॅक्यूमच्या ओढीने फटीत शिरली तर काय होईल, हे कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावे लागू नये. कापसाच्या गंजीची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. स्पंजसारखा फोमही पेट घेतो. आतल्या बाजूस 50 मिमी रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची, न पेटणारी लोकर) लावावे, त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड ताणावे आणि वरून भोकांचा पत्रा ठोकावा, म्हणजे भुसा धाग्यांत अडकणार नाही. हा थर नसल्यास आवाज आतल्या आत आदळून वाढतो. रॉकवूल कापताना नाकावर मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत.

वीजतंत्री_यवतमाळ

उष्णतेची शंका अगदी रास्त आहे. पेटीत जेवढी वीज खर्च होते, तिची अखेर उष्णताच होते. आतील तापमान बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून वाढू द्यायचे नसेल, तर दर 1 किलोवॉटमागे मिनिटाला 5 घनमीटरपेक्षा थोडी जास्त हवा खेळवावी लागते. तेवढी हवा सरळ भोकातून घेतली तर आवाजही तिथूनच बाहेर पडेल. म्हणून दोन-तीन वळणांचा, आतून रॉकवूल लावलेला लाकडी बोगदा करावा, एक हवा आत येण्यासाठी आणि एक बाहेर जाण्यासाठी. व्हॅक्यूम स्वतः हवा ओढतो, तेव्हा आत येणारा बोगदा प्रशस्त ठेवावा.

जमल्यास पाण्याने थंड होणारा स्पिंडल घ्या. मोटरची बरीच उष्णता पेटीबाहेरच्या बादलीत जाते आणि पंख्याचा आवाजही मिटतो. ड्राइव्ह (स्पिंडलचा वेग सांभाळणारा विजेचा डबा) मात्र कुठल्याही परिस्थितीत पेटीत ठेवू नये. बहुतेक ड्राइव्हची पूर्ण क्षमता 40 अंशांपर्यंतच धरलेली असते, आणि मे महिन्यात तर आपले शेडच दुपारी त्यापुढे गेलेले असते. आणखी एक मोह टाळावा: कूलरची हवा पेटीत सोडू नका. ओल्या हवेने मशीन सरकवणारे रेल आणि बॉल-स्क्रू गंजतात.

सागवान_वरोरा

सर्वांचे आभार. थर्माकोल आणि कापूस दोन्ही रद्द. आता दोन थरांचे एमडीएफ आणि ड्राइव्ह बाहेर. दाराला काच असावी की ॲक्रिलिक?

जुना_फिटर_बुटीबोरी

काम दिसेल एवढीच लहान खिडकी ठेवा आणि तिला 6 मिमी पॉलिकार्बोनेट लावा. तुटलेल्या कटरचा तुकडा उडाला तर ॲक्रिलिक तडकते. इमर्जन्सी स्टॉपचे बटण पेटीच्या बाहेर, दाराशेजारी हवे. बाकी, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत मर्यादा 45 डेसिबेल आहे, आणि गावातल्या शांततेत 45 डेसिबेलही कानाला जाणवतात. त्यामुळे पेटी झाली तरी परीक्षेच्या आठवड्यांत जाळीची कामे पहाटे सहानंतर, शेतात जाण्यापूर्वी उरकलेली बरी.